कुलूप शाबूत, कोयंडा उपटलेला: घरफोडीनंतर पैसा आधी कुठे घालावा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. परभणीत गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये आई-वडिलांचं तळमजल्याचं घर आहे. दोघं सेलूला लग्नाला गेले, एक रात्र मुक्काम पडला, सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. समोरच्या दाराचा कोयंडा तुटलेला, लोखंडी कपाट उचकटलेलं, दागिने आणि थोडी रोकड गेलेली. पोलिसांत तक्रार झाली आहे. तुम्ही पुण्यात असता, बजेट पंचवीस हजार आहे, आणि चार कॅमेरे व फोनवरून उघडणारं डिजिटल कुलूप मागवायचा विचार आहे. कुठली कंपनी घ्यावी, असं विचारलंय. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली आहे: वडील रात्रभर बैठकीत खुर्ची टाकून जागे बसतात.

कंपनीचं नंतर बोलू. मी जालन्यात दारं, ग्रिल आणि शटरचं काम करतो. पंचनामा उरकला की घरफोडी झालेल्या घरात पुढचं बोलावणं बहुतेक आमच्यासारख्याला येतं. तिथं जाऊन पाहावं तर कुलूप ठणठणीत असतं. बंदच्या बंद, कोयंड्यासकट पायरीवर पडलेलं. घरमालक ते हातात घेऊन म्हणतो, "एवढं महागाचं घेतलं होतं." कुलुपानं दगा दिलेलाच नसतो. ज्या लाकडात कोयंडा बसवला होता, ते लाकूड सुटलेलं असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. हे दार पुढच्या वेळी किती वेळ टिकेल? आणि आई-वडिलांना झोप कशी लागेल? कॅमेरा दोन्हींना थोडाच उपयोगी आहे. त्या रात्री चार कॅमेरे असते, तरी अडीच वाजता तुम्ही पुण्यात झोपलेल्या असत्या. सकाळी तोंडाला रुमाल बांधलेली दोन माणसं मोबाईलवर दिसली असती.

काही गोष्टी मी इथं बसून सांगू शकत नाही. चौकट लाकडी आहे की लोखंडी अँगलची, दार आत उघडतं की बाहेर, दार प्लायवूडचं सपाट फ्लश डोअर आहे की सागवानी, घर स्वतःचं आहे म्हणजे भिंतीला भोकं पाडता येतील ना, शेजार किती लांब आहे, यावर तपशील बदलतो. पण कामाचा क्रम सहसा बदलत नाही.

आधी कोयंड्याकडे बघा. वडिलांना सांगा, उरलेल्या अल्ड्रॉपचा, म्हणजे कोयंड्यात सरकणाऱ्या लोखंडी कडीचा, एक स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं काढून बघा. बहुतेक घरांत तो पाऊण इंची निघतो, आणि निघताना त्रास देत नाही. सुतार घाईत असला की स्क्रू हातोडीनं ठोकतो आणि शेवटचे दोन-तीन पिळे तेवढे फिरवतो. वरून फिटिंग चोख दिसतं, पण आत लाकडाला आटे पडलेलेच नसतात. ठोकलेल्या स्क्रूला खिळ्याइतकीच पकड. अशा कोयंड्याखाली टामीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, टोक घालून वजन टाकलं की दोन मिनिटांत काम होतं. आवाजही फार होत नाही, लाकूड कुरकुरतं तेवढंच.

यावर उपाय स्वस्त आहे. दाराच्या बाजूला कोयंड्याच्या पट्टीतून आरपार भोक पाडून गोल डोक्याचे बोल्ट बाहेरून घालायचे, आतून वॉशर आणि नट आवळायचे. बाहेर पान्याला धरायला काहीच उरत नाही. चौकट लाकडी असेल तर तिच्यातूनही असेच आरपार बोल्ट घ्या आणि आतल्या बाजूनं दीड-दोन फूट लांबीची, निदान तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या, म्हणजे जोर एका जागी न पडता पट्टीभर पसरतो. चौकट लोखंडी असेल तर कोयंडा तिला वेल्ड करून घ्या, पण चौकट भिंतीत किती होल्डफास्टनं, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरली आहे ते आधी तपासा. नव्या प्लॉटिंगच्या घरांत चौकट आणि भिंत यांच्यामध्ये नुसता गिलावा भरलेला मी बघितलाय. अशी चौकट हलवून बघितली की चुना पडतो.

दार आणि चौकट यांच्यात करंगळीएवढी फट असेल तर तिच्यावर बाहेरून अँगलची झाकपट्टी मारून घ्या. टामीला आत शिरायला वाव मिळाला नाही तर चोराला ठोकाठोकी करावी लागते, आणि रात्री ठोकाठोकी त्याला नको असते. आमच्या धंद्याचं सगळं गणित एवढंच आहे: त्याला वेळ लागला पाहिजे आणि आवाज झाला पाहिजे. फुटत नाही असं दार कोणीच करून देत नाही. देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

आता कुलूप. दाराबाहेर लटकलेलं कुलूप रस्त्यावरून दिसतं आणि घरात कोणी नाही हे ओरडून सांगतं. परवा तुमच्याकडे नेमकं हेच झालं असणार. लग्नसराईत लोक पहाटे बॅगा घेऊन निघतात, संध्याकाळपर्यंत कुलूप तसंच, अंगणात पेपर पडलेला, तुळशीपाशी दिवा नाही. प्लॉटिंगमध्ये दिवसा फेरी मारणाऱ्याला याहून जास्त माहिती लागत नाही. म्हणून पुढच्या दाराला आतून बसणारं, बाहेरून नुसतं चावीचं भोक दिसणारं लिव्हरचं कुलूप बसवा. त्याची जीभ चौकटीत किती खोल जाते ते बघा, दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर घेऊ नका. जिभेच्या समोरची पट्टी दोन-अडीच इंची स्क्रूनं बसवायला सांगा, कारण खोक्यात येणारे स्क्रू आखूड असतात.

डिजिटल कुलूप वाईट नाही. लेकरं शाळेतून येतात, कामवालीला वेगळा नंबर द्यायचाय, अशा घरी सोयीचं आहे. पण ते त्याच चौकटीत बसणार आणि त्याची जीभ त्याच लाकडात जाणार. टामीला बोटाचा ठसा लागत नाही. शिवाय बॅटरी संपली, आपल्याकडच्या धुळीनं सेन्सर रुसला, की सत्तरीच्या माणसानं उन्हात दारात उभं राहून पुण्याला फोन लावायचा. तुमच्या बजेटमध्ये तरी नको.

मागचं दार आणि गच्चीचं दार यांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. माझ्या मते तिथं जास्त लक्ष द्यायला हवं. समोरचं दार मजबूत केलं की पुढच्या वेळचा माणूस घराला चक्कर मारणार. स्वयंपाकघरामागचं दार पातळ असतं, आणि जिन्यावरचं दार तर बहुतेक घरांत पत्र्याचं, आतून साधी कडी. शेजारच्या अर्धवट बांधकामावरून तुमच्या गच्चीवर येता येतं का, हे वडिलांना दिवसा वर जाऊन बघायला सांगा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे लोक उकाड्यानं गच्चीवर झोपतात आणि खाली घर साफ होतं. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. वर झोपायचं असेल तर खालचं प्रत्येक दार आतून बंद आणि जिन्याचं दार वरून कुलूपबंद, मधलं काही चालायचं नाही.

या दोन दारांना मी जुनाच इलाज करतो. आपल्याकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरांत भिंती हात-दोन हात जाड, आणि दारामागे लाकडी आगळ असायची, भिंतीतल्या खोबणीत सरकणारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी दगडमातीच्या घरांचा धसका घेतला, ते रास्तच होतं. पण स्लॅबच्या घरात येताना आगळ मागे राहिली आणि तिच्या जागी चार इंची टॉवर बोल्ट, म्हणजे छोटी सरकती कडी, आली. तर आता दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत अँकर बोल्टनं लोखंडी कान बसवायचे आणि त्यात दीड इंची चौकोनी पाईप आडवा टाकायचा. दार आत उघडणारं असेल तर याच्यासारखा अडसर नाही. मागचं आणि गच्चीचं अशी दोन दारं आगळ टाकून बंद करायची आणि घराबाहेर पडताना नेहमी समोरूनच पडायचं. दार बाहेर उघडणारं असेल तर आगळ कामाची नाही. तिथं बिजागरीकडे बघा. बिजागरीची पिन बाहेर असेल तर ती ठोकून काढता येते, म्हणून पिनेचं टोक वेल्डनं बंद करून घ्यायचं.

खिडक्यांबद्दल एकच गोष्ट बघा, ग्रिलचे स्क्रू कुठल्या बाजूला आहेत. बाहेरून असतील तर ते ग्रिल घराची शोभा आहे. नवीन करणार असाल तर भाव किलोवर ठरवा, चौरस फुटावर ठरवू नका. फुटाच्या भावात कारागीर पोकळ पाईप वापरतो आणि रंग मारल्यावर फरक कळत नाही. भरीव बारच मागा. तीन सुती म्हणजे दहा मिलिमीटरचा चौकोनी बार मीटरला पाऊण किलोच्या थोडा वर भरतो, चार सुती म्हणजे बारा मिलिमीटरचा सव्वा किलोच्या थोडा आत. काट्यावर वजन करून घेतलं तर कोणी फसवू शकत नाही. मात्र एका खिडकीचं ग्रिल आतून कुलूप काढून उघडणारं ठेवा आणि चावी पलंगाजवळ, पण बाहेरून हात पुरणार नाही अशा खिळ्याला अडकवा. शॉर्टसर्किट झालं आणि पुढून निघता आलं नाही तर बंद ग्रिलनंच जीव जाईल. हे सांगितल्याशिवाय मी ग्रिलचं काम हातात घेत नाही.

अंगणात पहार, कुदळ, लोखंडी शिडी पडलेली असते का? ती आत ठेवा. चोर स्वतःचं अवजार आणतोच असं नाही, बऱ्याचदा घरचंच वापरतो. कंपाउंडची भिंत उंच करायचा सल्लाही कोणीतरी देईल. करू नका. भिंत उंच झाली की चोर एकदा आत उतरल्यावर रस्त्यावरून दिसत नाही, आणि मग सवडीनं दार फोडतो. आणि तारेला करंट सोडायचा विचार कोणी बोलून दाखवला, तर त्याला तिथंच थांबवा. शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटनं माणसं मेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात. त्यात घरमालकावर गुन्हा दाखल होतो आणि मेलेला बहुतेक वेळा शेजारी नाहीतर घरचाच असतो.

कॅमेरे आता घेऊ. चारऐवजी दोन घ्या. एक समोरच्या दारावर, सात फुटांच्या आसपास, चेहरा दिसेल असा. लोक बारा फुटांवर लावतात आणि नंतर टोप्यांचे फोटो बघत बसतात. दुसरा मागच्या बाजूला. चित्र किती दिवस साठतं याचा हिशेब दुकानदाराला विचारा. कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी लागतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात सहाएक दिवस, आणि दोन कॅमेऱ्यांसाठी एक टीबीच्या डिस्कमध्ये तीन आठवडे. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच घेऊन जातात. माळ्यावर, बंद कप्प्यात ठेवा. डबा, राऊटर आणि बाहेरचा एक दिवा इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की सगळं आंधळं. कंपनीचं म्हणाल तर परभणीत ज्याचा माणूस दोन दिवसांत दुरुस्तीला येतो ती चांगली. आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

कपाटाचं सांगतो. पत्र्याचं कपाट म्हणजे कपडे ठेवायची जागा आहे. त्यातला आतला लॉकर स्क्रूड्रायव्हरनं उघडतो. छोटी तिजोरी घेतली तर ती आतून भिंतीला किंवा फरशीखालच्या काँक्रीटला बोल्टनं आवळलेली पाहिजे, सुटी असेल तर उचलून नेतात. उरलेलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, पण बँकेचं दायित्व माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. सध्याच्या सोन्याच्या भावात तेवढ्याचं फार काही येत नाही. घराचा विमा असेल तर पॉलिसी उघडून वाचा. एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग, भूकंप, पूर आहेत, पण चोरी फक्त अशा एखाद्या घटनेनंतरच्या सात दिवसांतली धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

कागदांचंही उरकून घ्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती घेतली नसेल तर मागा. रात्रीच्या घरफोडीला आता भारतीय न्याय संहितेची कलमं ३३१(४) आणि ३०५ लागतात. तुमच्या प्रतीत ती आहेत का ते बघा. त्या गोंधळात आईनं दागिन्यांची यादी दिली असेल तर एखादी वस्तू राहिलीच असणार. ती नंतर आठवली तर पुरवणी जबाब देता येतो. पावत्या, लग्नातले दागिने दिसणारे फोटो, सोनाराकडची जुनी वही, जे मिळेल ते जोडा. चोर सापडला आणि मुद्देमाल मिळाला, तर तो न्यायालयाच्या आदेशानं सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी देऊन, परत मिळतो आणि तेव्हा "हे आमचंच" हे दाखवावं लागतं. नाही सापडला तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. विमा असेल तर कंपनी तो कागद मागते.

आता वडील. त्यांना कोणी वेड्यात काढू नका. एकदा फुटलेल्या घरावर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा हात पडण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो. चोरांना वाट कळलेली असते, राहून गेलेलं काय ते माहीत असतं. तेव्हा वडिलांची भीती अस्थानी नाही, फक्त खुर्चीवर बसून ती जात नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी अशीच घबराट झाली होती. माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली आणि दिवसा शेतात पेंगली. गावात निदान पाळ्या लावता येतात. घरात एकट्यानं जागणारा माणूस आठवड्याभरात आजारी पडतो.

त्यांच्यासाठी मी असं करीन. झोपायच्या खोलीच्या दाराला आतून एक दणकट कडी, आरपार बोल्टची. बाहेरच्या दिव्याचं बटण आणि एका साध्या सायरनचं बटण पलंगाशेजारी. चार्ज केलेला फोन, टॉर्च, शेजारच्या दोन घरांचे नंबर, आणि पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा ११२. आवाज आला तर दार उघडून बघायला जायचं नाही. दिवा लावायचा, सायरन वाजवायचा, फोन करायचा. आत आलेला माणूस घाबरलेला असतो आणि त्याच्या हातात टामी असते. गेलेलं सोनं पुन्हा घेता येईल. हे सगळं वडिलांनीच उभं राहून करून घ्यावं, कारागिराशी हुज्जत घालावी, बोल्ट स्वतः आवळून बघावेत. ज्यानं आगळ स्वतः बसवून घेतली तो ती टाकून झोपतो, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

पंचवीस हजारांत बसवायचं तर क्रम असा लावा: या आठवड्यात पुढच्या दाराचे आरपार बोल्ट, पट्टी आणि आतलं कुलूप, मागच्या व गच्चीच्या दाराला आगळ, झोपायच्या खोलीची कडी, दिवा आणि सायरन. यात निम्म्याहून जास्त पैसे जाणार नाहीत असा माझा अंदाज आहे, पण चौकटच बदलावी लागली तर अंदाज कोसळेल. उरलेल्यात दोन कॅमेरे. ग्रिल पुढच्या महिन्यात, कारण त्याला मापं, वेल्डिंग आणि रंग मिळून वेळ लागतोच. पुन्हा लग्नाला जायचं झालं तर शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्यात सांगून जा, कोणाला तरी रात्री घरी झोपायला बोलवा, आणि गावाला पोचल्याचे फोटो परत आल्यावरच स्टेटसला टाका.

चौकटीच्या कुलपाकडच्या बाजूचा एक फोटो आणि त्या काढलेल्या स्क्रूचा एक फोटो टाकलात, तर चौकट ठेवायची की बदलायची ते सांगतो. स्क्रूशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, लांबी कळली पाहिजे.